मुरबाड व शहापूर तालुक्यांतील रानभाज्यांचा स्वयंपाक

मुरबाड व शहापूर या ठाणे जिल्ह्यातील तालुक्यांत रान, माळ, शेताचे बांध व ओढ्यांचे काठ येथे आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींपासून घरोघरी भाज्या केल्या जातात. अशा वनस्पतींना मराठीत सर्वसाधारणपणे रानभाज्या म्हणतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या आदिवासी जमाती तसेच कुणबी, आगरी व इतर शेतकरी समाज यांच्या आहारात, विशेषतः पावसाळ्यात, रानभाज्यांना महत्त्वाचे स्थान आहे. यांतील अनेक वनस्पती कच्च्या स्थितीत खाजऱ्या, कडू किंवा विषारी असतात. त्यामुळे या स्वयंपाकात चवीइतकेच महत्त्व वनस्पतीची ओळख, तोडणीची वेळ आणि दोष काढण्याची रीत यांना आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

मुरबाड व शहापूर हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसले आहेत. मुरबाड तालुक्याच्या पूर्वेस माळशेज घाट, नाणेघाट, गोरखगड व सिद्धगड असून सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर वन्यजीव अभयारण्यात मोडतो. शहापूर तालुक्यात माहुलीचा डोंगर व तानसा अभयारण्य आहे. काळू, शाई, भातसा व तानसा या येथील नद्या होत. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अतिशय जोराचा पडतो आणि उरलेला काळ जवळजवळ कोरडा जातो.

भात हे येथील मुख्य पीक आहे. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी (नागली) व वरी ही पिके घेतली जातात. भाताच्या लावणीच्या दिवसांत बागायती भाजीपाला कमी असतो, मागील हंगामाचे धान्य संपत आलेले असते आणि शेतीची कामे सर्वाधिक कष्टाची असतात. नेमक्या याच काळात रानात कोवळा पाला, कोंब व फुले येतात. त्यामुळे मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या बाजारगावांच्या आसपासच्या पाड्यांमध्ये रानभाजी हा केवळ आवडीचा पदार्थ नसून अडचणीच्या महिन्यांतील आधार राहिला आहे.

ऋतुचक्र

रानभाज्यांचा हंगाम एकसलग नसतो. प्रत्येक वनस्पतीचा खाण्याजोगा भाग थोड्याच दिवसांपुरता मिळतो, हे या स्वयंपाकाचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

चैत्राच्या आगेमागे मोहाची फुले गळतात. ती वेचून वाळवली जातात व भाजून किंवा शिजवून खाल्ली जातात. पुढे मोहाच्या फळांतील बियांपासून तेल काढतात. वळवाच्या सरी पडल्या, की मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शेवळे जमिनीतून वर येतात. मृगाच्या पावसानंतर टाकळा, फोडशी, कुर्डू, माठ, कवळा, रानअळू व भारंगीचा कोवळा पाला मिळू लागतो. याच सुमारास दिंड्याचे कोंब व बांबूचे कोंबही निघतात. श्रावण–भाद्रपदात करटोली व चाईचा मोहोर येतो. पावसाळा सरल्यावर वेलींची पाने पिवळी पडू लागली, की करांदे व इतर कंद काढण्याचे दिवस सुरू होतात.

पावसाळ्याच्या तोंडावर घरात जी बेगमी केली जाते तिला आगोट म्हणतात. तांदूळ, नाचणी, वाल, मीठ, मिरची व चिंच यांबरोबर सुकट, जवळा, करंदी, बोंबील अशी सुकी मासळी आगोटीत असतेच. रानातील पाला आणि आगोटीतील वाल किंवा सुकी मासळी यांचा मेळ घालणे, ही येथील पावसाळी स्वयंपाकाची सर्वसाधारण घडण आहे.

प्रमुख वनस्पती व त्यांची पाकरीत

शेवळा

शेवळा (अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस) ही सुरणाच्या कुळातील वनस्पती आहे. जमिनीतील कंदातून पानाआधी फुलोरा वर येतो. जांभळट-तपकिरी आवरणात मिटलेला कोवळा फुलोरा भाजीसाठी घेतात. या वनस्पतीच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेला व घशाला टोचत असल्याने अर्धवट शिजलेल्या भाजीने तीव्र खाज सुटते व सूजही येऊ शकते.

हा दोष काढण्यासाठी काकड (गारुगा पिन्नाटा) या वृक्षाची कच्ची, हिरवी, आंबट-तुरट फळे वापरतात. ही फळे शेवळांच्याच दिवसांत तयार होतात आणि बाजारातही शेवळांच्या जुडीसोबतच विकली जातात. काकडे न मिळाल्यास चिंच किंवा कोकम वापरतात.

कृती : शेवळाचे बाहेरचे जाड आवरण व देठाचा निबर भाग काढून टाकतात. आतल्या दांड्याच्या तळाशी असलेला पिवळसर दाणेदार भाग सर्वांत खाजरा असल्यामुळे तो पूर्णपणे काढतात. उरलेला भाग बारीक चिरतात. चिरताना हाताला खाज येऊ नये म्हणून तळव्यांना तेल किंवा चिंचेचा कोळ लावतात. एका जुडीस साधारणपणे १० ते १२ काकडे घेऊन ती उकडतात, ठेचतात व त्यांचे पाणी गाळून घेतात. तेलावर कांदा व लसूण परतून त्यात चिरलेली शेवळे घालतात आणि रंग बदलेपर्यंत व ती पुरती मऊ होईपर्यंत परततात. नंतर काकडाचे पाणी, हळद, तिखट व मीठ घालून मंद आचेवर दीर्घकाळ शिजवतात. भिजवून सोललेले वाल, धुतलेली करंदी किंवा सोडे, अथवा खिमा यांपैकी काहीतरी सोबत घालण्याची पद्धत आहे. भाजी उतरवण्यापूर्वी थोडीशी चाखून पाहतात. जीभ चुरचुरली तर आंबट वाढवून ती पुन्हा शिजवतात. ठाणे व मुंबई भागातील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू या समाजांतही शेवळाची भाजी व कणगं प्रसिद्ध आहेत.

फुलोऱ्यानंतर त्याच कंदाला पान येते. कोवळ्या पानाचीही भाजी करतात. काही भागांत तिला लोत म्हणतात. तिलाही आंबट घालणे आवश्यक असते.

टाकळा

टाकळा (सेना टोरा) पहिल्या पावसानंतर पडीक जागी, रस्त्याकडेला व बांधावर दाट उगवतो. याची पाने रात्री मिटतात. रोप वीतभर उंचीचे असताना वरची कोवळी पाने खुडतात. फुले आल्यावर पाला निबर व उग्र होतो, म्हणून तो घेत नाहीत. पाने धुऊन चिरून कांदा-लसणीच्या फोडणीवर परततात व त्यात भिजवलेली मूगडाळ, वाल किंवा ओले खोबरे घालतात. टाकळ्याला खाज नसल्याने त्यास आंबटाची गरज पडत नाही.

फोडशी

फोडशी ही क्लोरोफायटम या प्रजातीतील गवतासारखी दिसणारी वनस्पती आहे. तिला कुलू व कोळीची भाजी अशीही नावे आहेत. पात्यांच्या पांढऱ्या बुडख्यात माती अडकलेली असते, म्हणून प्रत्येक पाते सुटे करून धुतात. मधला कठीण दांडा पचत नसल्यामुळे काढून टाकतात. ही भाजी कांदा व डाळ घालून करतात किंवा तांदळाच्या अथवा बेसनाच्या पिठात कालवून तिचे वडे थापतात. ठाणे व पालघर भागांतील वारली समाजात नव्या हंगामातील ही भाजी देवाला दाखवल्यावाचून न खाण्याची प्रथा आहे. पाला अगदी अकाली खुडला जाऊ नये, हा तिचा व्यावहारिक परिणाम होय.

भारंगी

भारंगी (रोथेका सेराटा) या झुडपाची कोवळी पाने व फुले खातात. पाने कडू असल्यामुळे ती चिरून उकळतात व पिळून पाणी टाकतात. नंतर भिजवलेले वाल, चवळी किंवा सुकट घालून परततात. वालाचा गोडसरपणा आणि उरलेला सौम्य कडवटपणा यांचा मेळ ही या भाजीची चव आहे. कडूपणा पूर्णपणे घालवणे अपेक्षित नसते.

बांबूचे कोंब

जमिनीतून नुकतेच वर आलेले, वीत-दीड वीत उंचीचे कोंब घेतात. त्यांना वास्ते असेही म्हणतात. कच्च्या कोंबांत टॅक्सिफायलीन हे द्रव्य असते व त्यापासून सायनाइड तयार होऊ शकते. त्यामुळे बाहेरची साले काढून कोंबाचा कीस किंवा पातळ काप करतात, रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी ते पाणी ओततात आणि नव्या पाण्यात भांड्यावर झाकण न ठेवता उकळतात. उकळलेले पाणीही टाकून देतात. मगच डाळ, सुकट किंवा तांदळाची कणी घालून भाजी करतात. उकळताना झाकण न ठेवण्याच्या रीतीमुळे उडून जाणारे विषारी द्रव्य बाहेर पडण्यास मदत होते.

करांदे व इतर कंद

करांदा (डायोस्कोरिया बल्बिफेरा) या वेलीला पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे कंद येतात. गोड्या जातीचे करांदे मीठ घालून उकडून खातात. कडू जातीचे कंद सोलून त्यांच्या पातळ चकत्या करतात, राख घातलेल्या पाण्यात उकळतात आणि टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर किंवा त्याहून अधिक काळ ठेवतात. कडूपणा गेला, की नाही हे चाखून ठरवल्यावरच ते पुन्हा शिजवून खातात. याच प्रजातीतील चाई (डायोस्कोरिया पेंटाफायला) या वेलीच्या फुलांचे लोंबते तुरे ‘चाईचा मोहोर’ म्हणून भाजीसाठी वापरले जातात.

इतर

करटोली (मोमोर्डिका डायोइका) या वेलीचे नर व मादी असे वेगवेगळे वेल असतात आणि फळे फक्त मादी वेलाला धरतात. वेल दरवर्षी त्याच कंदातून फुटतो. रानअळूची पाने व देठ चिंच घालून शिजवतात. कवळा (स्मिथिया) व कुर्डू (सेलोसिया अर्जेंटिया) यांचा कोवळा पाला कांद्यावर परततात. दिंड्याच्या कोंबांची साल सोलून भाजी करतात. वारुळांवर उगवणारी अळिंबी श्रावणाच्या आसपास मिळते आणि ती मटणाप्रमाणे मसाल्यात शिजवली जाते.

दोष काढण्याच्या रीती

वरील पाककृतींतून काही ठराविक रीती स्पष्ट होतात. वनस्पती बदलली तरी दोषानुसार उपाय ठरलेला असतो.

खाजऱ्या वनस्पती (शेवळा, रानअळू, लोत) – आंबट घालणे, तेलात नीट परतणे व दीर्घकाळ शिजवणे.

कडू पाला (भारंगी) – उकळून पाणी टाकणे व द्विदल धान्याची जोड देणे.

विषारी द्रव्य असलेले कोंब – बारीक चिरणे, भिजवणे, उघड्या भांड्यात उकळणे व दोन्ही वेळचे पाणी टाकणे.

कडू कंद – पातळ चकत्या, राखेचे पाणी व वाहते पाणी.

निर्दोष पाला (टाकळा, माठ, कुर्डू) – थोड्या पाण्यात लवकर शिजवणे. या भाज्यांचे पाणी टाकल्यास त्यातील विद्राव्य जीवनसत्त्वे व खनिजे वाया जातात, म्हणून पाणी अंगातच जिरवतात.

या रीतींतील एखादी पायरी अनावश्यक समजून वगळली, तर भाजी बेचव होण्यापेक्षा अधिक गंभीर परिणाम होऊ शकतो. या अर्थाने येथील पाककृती ही सुरक्षिततेची कृतीही आहे.

भाकरी व जेवणाची मांडणी

रानभाजी बहुधा तांदळाच्या किंवा नाचणीच्या भाकरीबरोबर खाल्ली जाते. तांदळाच्या पिठात चिकटपणा नसल्याने ते उकळत्या पाण्यात घालून उकड काढतात, ती गरम असतानाच मळतात व पाण्याच्या हाताने भाकरी थापतात. शेतावर जाताना भाकरीवरच भाजी व लसणीची चटणी ठेवून बांधून नेण्याची पद्धत आहे. आजारपणात किंवा धान्य कमी असताना तांदळाच्या कण्यांची किंवा नाचणीची पेज करतात.

आहारदृष्ट्या ही जोडी पूरक आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हे प्रमाण तांदळाच्या तुलनेत कितीतरी अधिक आहे. हिरव्या पाल्यातून लोह, अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य व तंतुमय घटक मिळतात, तर वाल आणि सुकी मासळी यांतून प्रथिने मिळतात. अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य शरीरात शोषले जाण्यास स्निग्ध पदार्थ लागतो. त्यामुळे भाजी तेलावर परतण्याची रीत आहारशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य ठरते.

सणांशी संबंध

भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या कष्टाचे अन्न न खाण्याचा नियम महाराष्ट्रात सर्वत्र पाळला जातो. त्या दिवशी केल्या जाणाऱ्या मिश्र भाजीत आपोआप उगवलेल्या किंवा हाताने लावलेल्या भाज्या घालतात. नांगरटीवाचून मिळणाऱ्या अन्नाचा हा सन्मान रानभाज्यांच्या परंपरेशी जवळचा आहे. मुरबाड–शहापूर परिसरातील पाड्यांवर मात्र असे अन्न व्रतापुरते नसून नित्याचे आहे.

बाजार

रानभाज्या गोळा करणे, निवडणे व विकणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. धसई, म्हसा, मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर व आसनगाव या ठिकाणी, तसेच माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात रानभाज्यांच्या जुड्या विक्रीस येतात. तेथून त्या कल्याण, डोंबिवली व ठाण्याच्या बाजारांत पोहोचतात. धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये रोकडरहित व्यवहारांच्या प्रयोगामुळे राज्यभर चर्चेत आले होते. रानभाज्यांची विक्री मात्र पूर्वीप्रमाणेच वाट्यावर व जुडीवर होते.

महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागातर्फे ९ ऑगस्ट या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्या-जिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवले जातात. त्यांमुळे शहरी ग्राहकांत या भाज्यांविषयी कुतूहल वाढले आहे. तथापि जुडी विकत मिळते तेव्हा तिच्याबरोबर पाकरीत मिळतेच असे नाही. पाड्यावरील मुलगी आईबरोबर रानात जाऊन जे शिकते, ते शहरी ग्राहकाला विक्रेत्या स्त्रीला विचारूनच कळू शकते.

अन्य देशांतील समान परंपरा

उष्ण कटिबंधातील पावसाळी प्रदेशांत अशाच रीती स्वतंत्रपणे विकसित झालेल्या आढळतात. मलेशियात अळूचे देठ आंबट रश्श्यात शिजवतात. बांबूचे कोंब आधी उकळून मग नारळाच्या दुधात शिजवण्याची पद्धतही तेथे रूढ आहे. भाताबरोबर कच्चा किंवा वाफवलेला रानपाला खाण्यास तेथे उलाम म्हणतात. भारतात ब्राह्मी किंवा मंडूकपर्णी म्हणून ओळखली जाणारी वनस्पतीही उलाममध्ये असते. गाडुंग (डायोस्कोरिया हिस्पिडा) हा विषारी कंद मलेशियात पातळ चकत्या करून, मीठ लावून अनेक दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्यावर खाण्याजोगा होतो. विदर्भ व मध्य प्रदेशातील जंगलांत हाच कंद बैचांदी या नावाने परिचित आहे. मुरबाडच्या ओढ्यात ठेवलेली करांद्यांची टोपली आणि मलेशियातील नदीत ठेवलेली गाडुंगची टोपली यांमागील तत्त्व एकच आहे.

सुरक्षितता

रानभाज्यांसारख्या दिसणाऱ्या काही वनस्पती प्राणघातक आहेत. कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) याच परिसरात पावसाळ्यात उगवते. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे विष असते आणि तिचा कंद खाद्य कंद समजून खाल्ल्यास मृत्यू ओढवू शकतो. सापकांदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती शेवळाच्याच कुळातील असल्या तरी त्या शेवळाऐवजी वापरत नाहीत. अळिंबीच्या बाबतीत रंग, वास किंवा चांदीचे नाणे काळे पडणे यांसारख्या कसोट्या विश्वासार्ह नाहीत. जाणकाराने ओळखलेलीच अळिंबी खावी. तणनाशक फवारलेल्या बांधांवरील, सांडपाण्याच्या कडेचा व वर्दळीच्या रस्त्यालगतचा पाला भाजीसाठी घेऊ नये. भाजी खाल्ल्यावर वारंवार उलट्या, घशास सूज किंवा ग्लानी आल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालयात जावे आणि उरलेली भाजी किंवा वनस्पती सोबत न्यावी.

सद्यःस्थिती

वनस्पती व तिच्याविषयीचे ज्ञान या दोहोंवर सध्या ताण आहे. शेतघरे, वसाहती व रस्ते यांसाठी माळरानांचे रूपांतर होत आहे. भातशेतीत तणनाशकांचा वापर सुरू झाल्याने बांधावरील पाला कमी होतो. शेवळाचा फुलोरा बी धरण्यापूर्वीच खुडला जात असल्याने मागणी वाढली, की नवी रोपे येण्यास अडथळा होतो. करटोलीचा कंद उपटला गेल्यास तो वेल कायमचा नष्ट होतो. म्हणून जाणकार संकलक प्रत्येक ठिकाणी काही फुलोरे राखतात, कंद काढल्यावर त्याचा डोळा असलेला तुकडा पुन्हा मातीत पुरतात व पाला खुडताना रोप मुळासकट उपटत नाहीत.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्याने वननिवासींचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला असून त्यात औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा उल्लेख आहे. हक्क मान्य झाला तरी रानातून आणलेला पाला अन्न होतो तो चुलीपाशी, आणि चुलीपाशीचे हे ज्ञान आजवर मुख्यतः तोंडी राहिले आहे. शिक्षण व रोजगारासाठी तरुण पिढी कल्याण–ठाण्याकडे जात असताना स्थानिक नावे, तोडणीची वेळ आणि दोष काढण्याच्या रीती यांची एकत्रित नोंद करणे आवश्यक ठरते. नावाविना वनस्पती ओळखता येत नाही आणि रीतीविना ती खाता येत नाही.